आक्षेपाची खुर्ची

सत्य सांगण्याचे काम ज्याच्याकडे सोपवले आहे, त्याने करुणेपोटी मौन धरले, तर त्या मौनाला पुण्य म्हणावे की चोरी? प्रश्न जुना आहे, आणि त्याचे उत्तर ज्याने त्याने आपल्याच घरात शोधायचे असते. सामान्य माणसाचे मौन क्षम्य ठरते, कारण त्याच्या बोलण्यावर कोणी भिंत उभारलेली नसते. परंतु ज्याच्या नकाराला टेकून दुसरा कोणी उभा आहे, त्याने नकार काढून घेतला, तर उभे असलेले माणूस कोसळते. आणि कोसळल्याचा आवाजही लगेच होत नाही.

दोघे भाऊ होते. त्यांच्या वडिलांनी हयातभर व्याकरण शिकवले आणि मुलांना वारसा म्हणून घर दिले नाही, वाद दिला. लहानपणी ते दोघांना समोरासमोर बसवीत. एकाने मांडायचे, दुसऱ्याने खोडायचे. "खोडणारा नसला की मांडणारा फुगतो," असे ते म्हणत. थोरले मांडणारे झाले, धाकटे खोडणारे झाले, आणि केस पांढरे झाले तरी दोघांनी आपापली जागा सोडली नाही.

इंग्रजी शब्दांची कुळे मराठीतून सांगणारा कोश हे थोरल्यांचे स्वप्न होते. धाकट्यांनी संसार मांडला नाही. ते थोरल्यांच्याच घरी राहिले आणि त्या स्वप्नाच्या कामाला लागले. घराची पुढची खोली या कामाला दिलेली होती. खिडकीखाली पंक्चर काढणाऱ्याचे दुकान होते आणि त्याच्या हातोडीच्या ठोक्यांनी मेजावरची दौत हलत असे. दुपारचा चहा झाला की बैठक सुरू होई. थोरले गादीच्या खुर्चीत बसून एकेक नोंद मोठ्याने वाचीत. समोर एक ताठ पाठीची, हात नसलेली लाकडी खुर्ची असे, ती धाकट्यांची. घरात तिला 'आक्षेपाची खुर्ची' म्हणत. पाहुणा चुकून तिच्यावर टेकलाच, तर वहिनी आतून सांगत, "तिथं नका बसू हो, भांडण अंगात येईल!"

नियम एकच होता. त्या खुर्चीने हरकत घेतल्याशिवाय आणि त्या हरकतीचे निरसन झाल्याशिवाय एकही नोंद छापखान्यात जात नसे. पहिल्याच वाचनाला 'आक्षेप नाही' असे त्या खुर्चीतून कधीही म्हटले गेले नव्हते. दुसरे काही सापडले नाही, तर धाकटे स्वल्पविरामाला धरीत.

"आक्षेप," ते म्हणत.

"अरे, मी अजून तोंडसुद्धा उघडलं नाही!"

"घसा खाकरलात ना. नोंद कच्ची असली की तुम्ही आधी घसा खाकरता, अण्णा."

"आई सांगायची ते खोटं नाही. सुईण म्हणाली, बाहेर ये. तर हा आतूनच म्हणाला, आधी प्रमाण दाखवा."

छापखान्यातल्या मंडळींनी धाकट्यांचे नाव 'नन्नाशास्त्री' ठेवले होते. कोशाचा मजकूर आला की फोरमन एवढेच विचारी, "नन्नाशास्त्रींच्या हाताखालून गेलाय ना? मग डोळे मिटून लावा." या टोपणनावाचा धाकट्यांना मनातून अभिमान होता. जगात कोणीतरी आपल्या 'नाही'वर विश्वास ठेवतो, हे सुख 'हो' म्हणणाऱ्यांच्या वाट्याला येत नाही.

त्या घरात एकच मूल होते, थोरल्यांचे. त्याला सगळे बाळ्या म्हणत. दाराच्या चौकटीला डोके लागण्याइतका तो उंच झाला, कारखान्यात नोकरीला लागला, तरी बाळ्याच राहिला. त्याला शब्दांचे वेड नव्हते. "तुम्ही दोघं मेलेल्या शब्दांच्या कुंडल्या मांडता," असे म्हणून तो हसे, आणि जाता जाता काकांच्या खुर्चीला मुद्दाम धक्का देऊन जाई.

एके सकाळी त्याच्या कारखान्यातला बॉयलर फुटला.

ओळख पटवायला दोघे भाऊ गेले. काय पाहिले ते त्यांनी कोणाला सांगितले नाही; एकमेकांनाही नाही. घरी आली ती बंद पेटी, आणि ती उघडायची नाही असे बजावूनच ती दिलेली होती. वहिनींनी पेटीवर हात ठेवला आणि एकच प्रश्न विचारला.

"अख्खा आहे ना?"

थोरल्यांनी मान खाली घातली. धाकटे भिंतीकडे पाहत राहिले. ज्या घरात शब्दाशब्दावर वाद होत, त्या घरात या प्रश्नाला कोणी उत्तर दिले नाही.

महिन्याने कारखान्याच्या सभागृहात शोकसभा झाली. भाषणे झाली, आणि शेवटी थोरले उभे राहिले. मग ते म्हणाले, "इंग्रजीत आठवणीसाठी एक क्रियापद आहे, रिमेंबर. तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. त्यात 'री' म्हणजे पुन्हा. आणि 'मेंबर' म्हणजे मूळ अर्थाने शरीराचा अवयव. समितीचा मेंबर तो नंतरचा. तेव्हा रिमेंबर म्हणजे विखुरलेले अवयव पुन्हा जोडणे. माझा मुलगा विखुरला आहे. ज्यांनी त्याला पाहिलं, त्यांनी त्याला आठवावं. जोडावं."

सभागृहात हुंदका फुटला. यंत्रांवर काम करणारी दणकट माणसे तोंडावर रुमाल धरून बसली. पुढच्या रांगेत वहिनी प्रथमच मान वर करून नवऱ्याकडे पाहत होत्या.

धाकट्यांच्या ओठांवर सवयीने तो शब्द आला होता. त्यांनी तो दातांखाली धरला आणि गिळला. व्युत्पत्ती साफ खोटी होती, हे त्यांना ऐकता ऐकताच कळले होते. पण शोकसभेत आक्षेप घेणे म्हणजे चितेवर पाणी ओतणे. दुःखाला तोंड फुटले की ते काहीही बोलते. त्याची नोंद कोण करते, असे त्यांनी स्वतःला समजावले.

पण नोंद झाली होती. वहिनींनी केली होती.

महिनाभर त्या धड जेवल्या नव्हत्या. सभेनंतर त्या उठल्या, केस विंचरले, स्वयंपाकघरात गेल्या. मग एके दिवशी भाजी चिरता चिरता दिराला म्हणाल्या, "भावोजी, आज टाचा झाल्या. चपला फरफटत चालायचा ना? उजवी जास्त झिजायची. तशाच बसवल्या."

धाकट्यांना आधी कळेना. कळले तेव्हा हातातला पेला त्यांनी हळूच खाली ठेवला.

त्यानंतर हे नित्याचेच झाले. "आज गुडघे. दोन्ही खरचटलेले." "आज कानामागचा तीळ सापडला, बघा! केव्हाची शोधत होते." शेजारीण कुजबुजली की बाईंच्या डोक्यावर परिणाम झालाय, पण त्या जेवत होत्या, झोपत होत्या, दूधवाल्याशी हुज्जत घालत होत्या. अंगाचा कण न् कण आठवून त्या आपला मुलगा पुन्हा उभा करीत होत्या, आणि त्या खोट्या व्युत्पत्तीने एक खरे माणूस तगून राहिले होते.

कोशाचे भाग एकामागून एक निघत होते. 'रिमेंबर'चे अक्षर जवळ आले, तशा वहिनी विचारू लागल्या.

"तो शब्द कधी येतोय, भावोजी?"

"येईल आता."

"छापून आला की मला वाचायचाय."

"सभेत ऐकलात ना, वहिनी. तेच असेल."

"सभेतलं निराळं. तुमचे अण्णा रंगात आले की काहीही बोलतात. वाण्याच्या यादीलासुद्धा कविता लावून ठेवतील. पण छापलेलं तुमच्या हाताखालून जातं." त्या हसल्या, आणि ते हसणे धाकट्यांना सहन झाले नाही. "तुम्ही अडवलं नाहीत, म्हणजे मग ते खरं."

त्या रात्री व त्यानंतरच्या अनेक दिवसांत धाकट्यांनी तो आक्षेप मनात घोळवला. तो बिनतोड होता. लॅटिनमध्ये 'मेमॉर' म्हणजे ध्यानात ठेवणारा. त्यापासून पुन्हा ध्यानात आणण्याचे क्रियापद झाले, ते फ्रेंचमधून इंग्रजीत आले. वाटेत म आणि र शेजारी आले, आणि त्यांच्यामध्ये उच्चाराच्या सोयीसाठी एक ब उगवला. असा ब आपल्याही घरचाच आहे. आम्रातून आंबा होताना तो उगवला, ताम्रातून तांबे होताना उगवला. आपण रोज 'नंबर' म्हणतो, त्यातला ब लॅटिनमध्ये शोधून सापडणार नाही. तोही फ्रेंचमध्येच असाच रुजलेला. अवयववाचक 'मेंबर' वेगळ्या कुळातला, त्याचा या शब्दाशी सुतराम संबंध नाही. उलट 'मेमॉर'चे नाते आपल्या 'स्मृ' धातूशी असावे, असे पुष्कळ पंडित मानतात. म्हणजे रिमेंबर हे आपल्या स्मरणाचेच दूरचे भावंड. त्यात जोडणे नाही. अवयव नाहीत. नुसते ध्यानात ठेवणे आहे.

एवढे बोलायचे होते. एरवी हे बोलताना त्यांना आनंदाचे भरते आले असते.

बैठकीच्या दिवशी दुपारी चहा झाला, आणि वहिनी पदराला हात पुसत येऊन दाराशी उभ्या राहिल्या. इतक्या वर्षांत त्या बैठकीला कधी आल्या नव्हत्या. थोरल्यांनी त्यांच्याकडे पाहिले, मग कागदाकडे. घसा खाकरला.

"रिमेंबर. क्रियापद. 'री', पुन्हा. 'मेंबर', अवयव. अवयव पुन्हा जोडणे, त्यावरून, आठवणे."

त्यांनी कागद खाली केला आणि धाकट्यांकडे पाहिले. खाली हातोडीचे ठोके पडत होते. धाकट्यांना वाटले, आपल्या भावाचे डोळे आर्जव करीत आहेत. आणि ते आर्जव कसले, याबद्दल त्यांच्या मनात तिळभरही शंका आली नाही. आयुष्यभर प्रत्येक गोष्टीचे प्रमाण मागणाऱ्या माणसाने त्या एका क्षणी प्रमाण मागितले नाही.

"आक्षेप नाही," ते म्हणाले.

वहिनींनी सुस्कारा सोडला आणि त्या आत गेल्या. थोरले मात्र तसेच पाहत राहिले. मग त्यांनी तो कागद उलटा करून बाजूला ठेवला. "आजच्यापुरतं पुरे," ते म्हणाले.

दुसऱ्या दिवसापासून बैठक चालू राहिली, पण तिच्यातला जीव गेला. धाकटे हरकत घेत, आणि थोरले निमूटपणे "बरं, तुझ्या मनाप्रमाणे" म्हणून खोडून टाकीत. वाद नाही, टोमणा नाही. ज्याच्याशी झटापट करायची तो पहिलवान जमिनीवर आडवाच पडून राहिला, तर समोरच्याने करायचे काय? छापखान्यातून प्रुफे आली, तेव्हा थोरल्यांनी नेमके ते पान वर ठेवून धाकट्यांच्या मेजावर सरकवले आणि शेजारी लाल पेन्सिल ठेवली. धाकट्यांनी पान कोरेच परत केले. पेन्सिलही परत केली.

भाग छापून आला. वहिनींनी शाईचा वास येणारे ते पान उघडले, ओळीखाली बोट धरून नोंद वाचली, पुन्हा वाचली, आणि पुस्तक छातीशी धरून त्या आत गेल्या.

"बस," थोरले म्हणाले.

धाकटे आपल्या खुर्चीवर बसले.

"तुला ठाऊक होतं."

"होतं."

"कधीपासून?"

"सभेपासून. तुमच्या दुःखापुढं मी..."

"मलाही ठाऊक होतं," थोरले म्हणाले. "बोलत होतो तेव्हाच ठाऊक होतं. आंबा-तांब्याचं उदाहरण लहानपणी मीच तुला शिकवलंय, विसरलास? तोंडातून निघून गेलं, आणि तिनं ते उचललं. मग मागं घ्यायचं कसं? मी म्हटलं, असू दे. आपल्या घरात एक खुर्ची आहे. तिथं ते अडेल. या घरात खोटं छापलं जाणार नाही, माझा भाऊ बसलाय. त्या भरवशावर मी ते कागदावर लिहिलं रे!"

"वहिनी दारात होत्या, अण्णा."

"म्हणूनच तर! तिच्यासमोर सांगायचं धैर्य मला नव्हतं. तुझं तर ते कामच होतं. जन्मभर मला नाही म्हणालास. आणि मला नाहीची गरज होती त्या दिवशी तू माझी कीव केलीस. पंगू भिकाऱ्याच्या वाटीत टाकावं, तसं 'आक्षेप नाही' टाकलंस."

धाकटे उभे राहिले.

"वा, अण्णा! म्हणजे त्या माउलीच्या हातातून तिचा मुलगा हिसकून घ्यायचा, तो मी. तिनं उरलेलं आयुष्य ज्याच्याकडं पाठ फिरवून बसायचं, तोही मीच. आणि तुम्ही हातात कागद धरून 'अरेरे' म्हणायचं. साप मारायचा तुम्हाला होता, काठी मात्र दुसऱ्याची हवी होती!"

"हो," थोरले म्हणाले. "हवी होती. भाऊ कशासाठी असतो?"

या वाक्याला त्या खुर्चीपाशीही आक्षेप नव्हता.

दोघांचे आवाज चढले होते हे दोघांच्या ध्यानात आले, तेव्हा वहिनी दारात उभ्या होत्या. पुस्तक त्यांच्या हातात होते, मध्ये बोट घातलेले.

"मग खरा अर्थ काय?" त्यांनी विचारले.

धाकट्यांनी सांगितले. हळू आवाजात, मेमॉर, स्मृ, आंबा, तांबे, सगळे. इतका निर्दोष युक्तिवाद त्यांनी पूर्वी कधी केला नसेल, आणि करताना इतकी लाजही वाटली नसेल.

"म्हणजे जोडायचं काहीच नसतं?"

"नाही, वहिनी."

"नुसतं ध्यानात ठेवायचं. जेवढं राहील तेवढं."

"हो."

वहिनी धाकट्यांच्या त्या ताठ खुर्चीवर बसल्या. तिथे बसू नये, हे त्यांनीच इतकी वर्षे सगळ्यांना सांगितले होते.

"डावा हात राहिला होता," त्या म्हणाल्या. "सगळा झाला, भावोजी. नखं झाली, मानेवरची लव झाली. डावा हात येईना. कसा होता, बोटं कशी होती, काहीच आठवेना. उजवा येतो; जेवताना, लिहिताना, टाटा करताना. डाव्यानं तो काय करायचा, ते मी कधी बघितलंच नाही. रोज वाटायचं, आईच कच्ची. माझ्यापायी पोर अर्धवट पडून राहिलंय. हात लागेपर्यंत त्याला उठता येणार नाही." त्यांनी पुस्तक मेजावर ठेवले. "तुम्हाला वाटलं, त्या शब्दानं मी जगतेय. तुम्हा दोघांना असंच वाटलं ना?"

थोरल्यांनी ते पुस्तक मिटून बाजूला सरकवले.

"एवढा मोठा कोश लिहिलात. जगातल्या शब्दांची कुळं शोधलीत. आणि पेटीवर हात ठेवून मी एवढंसं विचारलं होतं, अख्खा आहे का. तेव्हा 'नाही' म्हणाला असतात, तर त्याच दिवशी रडून मोकळी झाले असते."

त्या उठल्या. जाता जाता दाराशी थांबल्या. "नन्नाशास्त्री म्हणे," त्या म्हणाल्या, आणि आत गेल्या. त्या घरात ते नाव प्रथमच कोणी थट्टेवाचून उच्चारले होते.

त्यानंतर बैठक बंद झाली. थोरले पुढच्या खोलीत काम करीत, धाकटे मागच्या. नोंदी पाकिटातून इकडून तिकडे जात, जसे दोन परगावची माणसे पत्रव्यवहार करतात. छापखान्यात फोरमनने सवयीने विचारले, "नन्नाशास्त्रींनी पाहिलंय ना?" तर थोरले म्हणाले, "आता ज्याचं त्यानं पाहायचं."

कोशाच्या शेवटच्या भागात शुद्धिपत्र निघाले. त्यात ती नोंद थोरल्यांनी स्वतःहून दुरुस्त केली होती. धाकट्यांना ती आधी दाखवली नव्हती. त्यांनी ती छापल्यावरच पाहिली. नोंद स्वच्छ होती, नम्र होती. फक्त त्यांनी लिहिले होते की तो ब इंग्रजीत आल्यावर उगवला. तो फ्रेंचमध्येच उगवलेला होता. चूक बारीक होती. वाचणाऱ्या दहा हजारांत एकाच्या लक्षात आली असती. तो एक मागच्या खोलीत बसला होता. धाकट्यांनी पेन्सिल उचलली आणि ते दारापर्यंत गेले. पुढच्या खोलीत थोरले पाठमोरे बसले होते. आणि त्यांच्यासमोरच्या आक्षेपाच्या खुर्चीवर जुन्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा ठेवला होता. धाकटे उभे राहिले, आणि जसे आले तसे परत गेले.

वहिनी आता मुलाविषयी बोलत नसत. फक्त कधी धाकट्यांना वाढताना त्यांचे लक्ष दिराच्या डाव्या हाताकडे जाई. ताटाशेजारी निरुद्योगी पडलेला तो हात त्या क्षणभर पाहत, आणि मग आत वळत.

जे बोलायचे होते ते ज्यांनी उच्चारले नाही, त्या दोघांच्या जिभेला शांती लाभो. जिने सगळे जोडले आणि जिच्याकडून एक हात राहिला, त्या माउलीला तो हात नाही लाभला तरी झोप लाभो. आणि ज्याला आता कोणी जोडत नाही, त्याला, जेवढा तो ज्याच्या ध्यानात उरला आहे तेवढ्यातच, विसावा मिळो.